आईच्या शेजारच्या सीटवरून बघितलेले २०२५ चे पिक्चर

मी समीक्षक वगैरे काही नाही हे आधीच सांगून टाकते. एका सीएकडे अकाउंट्स बघते, महिन्याच्या वीस तारखेपर्यंत जीएसटीच्या रिटर्नमधे डोकं घालून बसलेली असते आणि त्यानंतर जो रविवार येईल तेव्हा एखादा पिक्चर थेटरात जाऊन बघते. नवऱ्याला घरी सोफ्यावर पाय लांब करूनच पिक्चर बघायचा असतो, त्यामुळे बरोबर बहुतेक वेळा आई. आईचं माहेर कोकणात कुडाळकडचं, वय बहात्तर, एसीत थंडी वाजते म्हणून शाल घेऊन येते आणि कुजबुजते असं तिला वाटतं, पण मागच्या तीन रांगांना ऐकू जातं.

आईची पिक्चर जोखायची पद्धत एकदम साधी आहे. पडद्यावरचा माणूस जे काम करताना दाखवलाय ते त्याला खरंच येतंय का, बस. हिरॉईन भाकरी थापायला बसली की आई खुर्चीत पुढे सरकते, आणि मग "नुसता चापटता हा, फिरवता खंय?" एकदा हे झालं की तो पिक्चर आईसाठी संपला, पुढे कोणी कितीही रडो. आधी मला हसू यायचं, पण यंदा लक्षात आलं की मीपण तेच बघायला लागलेय.

फेब्रुवारीत छावा बघितला. व्हॅलेंटाईन डेला रिलीज झाला होता, आम्ही नंतरच्या आठवड्यात गेलो तरी हाऊसफुल, सुरू व्हायच्या आधीच गारद चालू झालेली, पुढच्या रांगेत भगवे फेटे बांधून आलेली पोरं. विकी कौशलने जीव ओतलाय यात वाद नाही, अंगात आल्यासारखा खेळतो, शेवटचा छळाचा भाग तर मला बघवला नाही, मी आईच्या शालीत तोंड लपवलं. पण मधल्या भागात लढाई, मग गर्जना, मग परत लढाई असं इतकं झालं की संगमेश्वर येईपर्यंत मी दमले होते, आणि बॅकग्राउंड म्युझिक ए. आर. रहमानचं असूनसुद्धा (की असल्यामुळे?) त्या काळाचं वाटतच नाही. शिवाजी सावंतांची कादंबरी वाचलेल्यांना येसूबाई अजून थोड्या मिळायला हव्या होत्या असं वाटणारच. मला सगळ्यात भीती कधी वाटली सांगू? तो अक्षय खन्नाचा औरंगजेब हळू आवाजात बोलत विणकाम करत बसतो ना, तेव्हा. आरडाओरड नाही, तलवार नाही, म्हातारा माणूस खाली मान घालून टाके घालतोय. आई स्वतः क्रोशाचे रुमाल विणते, तिने बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाली, "हात बरोबर चालतत हां तेचे." आईकडून पास म्हणजे विषयच संपला.

मग एक मे. एकाच दिवशी आता थांबायचं नाय, गुलकंद आणि हिंदीत रेड 2. सुट्टी एक, पिक्चर तीन, आता माणसाने काय करावं? आम्ही गुलकंद घेतला कारण हास्यजत्रेवाली टीम, सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे, वर समीर चौघुले. हसलो, खोटं नाही बोलणार, प्रसाद ओक आणि ईशा डेसुद्धा मजा आणतात, पण टीव्हीवर दहा मिनिटांत जे फाडकन लागतं ते दोन तासांवर ताणलं की मधे मधे हवा जाते. घरी येऊन पोहे होईपर्यंत निम्मा विसरलेपण होते.

आता थांबायचं नाय मात्र दोन आठवड्यांनी एकटीच जाऊन बघितला आणि तो अजून डोक्यातून जात नाही. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार, झाडू मारणारे, गटारात उतरणारे, ते रात्रशाळेत जाऊन दहावी पास होतात, आणि हे खरंच घडलेलं आहे. भरत जाधव इतका शांत आयुष्यात पाहिला नव्हता. सही रे सहीमधे स्टेजवर इकडून तिकडे धावणारा माणूस इथे नुसता खांदे पाडून बसतो आणि तेवढ्यात सगळं कळतं. सिद्धार्थ जाधवपण लगाम लावून, ओम भूतकर मास्तर म्हणून एकदम खरा, आणि आशुतोष गोवारीकर साहेबाच्या खुर्चीत असे बसलेत की त्यांच्यापुढे एखादा अर्ज ठेवावासा वाटतो. शेवटी शेवटी भाषणं जरा जास्त झाली आणि रडवायला म्हणून रडवलंय असे दोनतीन सीन आहेत, ते चालवून घेतले. आमच्या ऑफिसात एक काका आहेत, चहा-फाईल-बँक सगळं बघतात, व्हाउचरवर सही करायची वेळ आली की पेन आधी दोनदा हवेत फिरवतात आणि मग टेकवतात. वीस वर्षं बघतेय, कधी काही वाटलं नव्हतं. पिक्चर बघून आल्यावर सोमवारी त्यांनी पेन फिरवलं आणि मी उगाचच कॉम्प्युटरकडे बघत बसले.

जूनमधे जारण. आई करणी-बिरणी नावाला पण येत नाही, म्हणून मैत्रिणीबरोबर गेले. अमृता सुभाष म्हणजे काय बोलायचं, आणि अनिता दातेला बघून मी पॉपकॉर्न तोंडात तसाच ठेवून बसले होते. हृषीकेश गुप्ते मुळात भयकथा लिहिणारे, त्यामुळे दचकवण्यापेक्षा आत काहीतरी सरकत जाईल अशी भीती आहे. शेवट समजायला मैत्रिणीला पार्किंगमधे अर्धा तास लागला, मला अजून पूर्ण समजलाय असं नाही.

सैयारा. आता इथे मला शिव्या पडणार. भाचीने ओढत नेलं, कॉलेजची पोरं, गाण्यावर मोबाईलचे टॉर्च, भाची इंटरव्हलच्या आधीच रडायला लागलेली. गाणी छान आहेत, मोहित सुरीच्या पिक्चरची गाणी कधी वाईट असतात? नवी पोरगी अनीत पड्डा मला आवडली, अहान पांडे पण दिसतो बरा. पण गोष्टीत त्या मुलीला विसरण्याचा आजार आहे, आणि माझं तिथेच अडलं. माझी आजी शेवटची चार वर्षं विसरत गेली. ती दर पाच मिनिटांनी विचारायची "दूधवालो इलो काय", चमचे उशीखाली लपवायची, एकदा तिने माझ्या आईलाच "तुमचा घर खंय" असं अगदी आदराने विचारलं आणि आई स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसली. त्यात केस मोकळे सोडून वाऱ्यात उभं राहण्यासारखं काही नव्हतं, डायपर होते आणि गोळ्यांचा तक्ता होता. भाचीला रिक्षात हे सांगितलं तर म्हणाली मावशी तू प्रत्येक गोष्टीची वाट लावतेस. असेल. तिने नंतर अजून दोनदा बघितला.

आता दशावतार, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलेय. १२ सप्टेंबरला लागला, गणपती होऊन पितृपक्ष सुरू झालेला, आणि त्याच दिवशी अजून दोन मराठी पिक्चर, आरपार आणि बिन लग्नाची गोष्ट. आपलेच तीन एकाच शुक्रवारी आणायचं हे गणित कोण करतं मला कळत नाही, बॅलन्स शीट असं केलं असतं तर मला घरी पाठवलं असतं. असो. डोंबिवलीतलं थेटर, रविवार दुपार, आणि निम्मं थेटर कोकणातलं. ओळखी निघत होत्या, तुमी खंयचे, आमी खंयचे, कोणीतरी मागे लाडू वाटत होतं.

हा पिक्चर आला तेव्हा दिलीप प्रभावळकर एक्क्याऐंशी वर्षांचे होते. परत वाचा, एक्क्याऐंशी. आमच्या पिढीला ते तात्या विंचूचा आवाज आणि टिपऱ्यांचे आबा, मुन्नाभाईत गांधी, आणि इथे ते बाबुली मेस्त्री, दशावतारात, म्हणजे कोकणातल्या जत्रेतल्या लोकनाट्यात, आयुष्य काढलेला म्हातारा, डोळे अधू होत चाललेत, मुलाला वाटतं बाबांनी आता बस करावं आणि बाबांचं मन काही त्या रंगातून निघत नाही. पुढची गोष्ट सांगत नाही, खाण आणि जमीन हा विषय येतो आणि मग पिक्चर वेगळ्याच रस्त्याला लागतो. पण तो माणूस जेव्हा तोंडाला रंग लावायला बसतो तेव्हा आमच्या शेजारी काय झालं ते सांगते.

आई लहान असताना जत्रेत दशावतार बघायला जायची ते नाटकासाठी कमी आणि देवळाच्या मागे नट रंग लावतात ते बघायला जास्त. तिथे मेकअपवाला वेगळा नसतो, जो तो आपला आरसा समोर धरून आपला चेहरा रंगवतो, लिहिलेले संवाद नसतात, कथा ठरलेली आणि बोलणं जागच्या जागी सुचलेलं, बायकांची कामं पुरुषच करायचे, आणि स्टेजवर सामान म्हणाल तर एक बाकडं, तेच सिंहासन आणि तेच जंगल. आई सांगते की मुकुट काढून बाजूला ठेवलेला राजा बिडी ओढत बसलेला असायचा आणि ही दाराच्या फटीतून बघायची, आणि तो हिला बघून भुवई उडवायचा. तर पडद्यावर बाबुली रंग लावायला लागला आणि माझी आई, जी एरवी टाचणी पडली तरी कॉमेंट करते, ती गप्प. मी वळून बघितलं तर तिचं बोट स्वतःच्या भुवईवरून हळूहळू फिरत होतं. "ह्यो म्हातारो आपल्याच जत्रेतलो वाटता गो", एवढंच म्हणाली. नंतर इंटरव्हलपर्यंत शब्द नाही.

इंटरव्हलनंतर थेटरवाल्यांनी आवाजच घालवला. चित्र चालू, आवाज बंद, पाच मिनिटं नुसते ओठ हलतायत. दुसरा पिक्चर असता तर शिट्ट्या आणि शिव्या, इथे मागून कोणीतरी ओरडलं "अरे पेटयेवाल्याक उठवा रे!" आणि अख्खं थेटर हसलं. मग एकाने खरंच तोंडाने पखवाज वाजवायला सुरुवात केली. आवाज परत आला तेव्हा जरा वाईटच वाटलं.

दुसरा भाग मला पहिल्याइतका आवडला नाही हे लिहायलाच हवं, नाहीतर सगळं गोडगोड होईल. वाईट माणसं फारच वाईट आहेत, आल्या आल्या कळतं की हे वाईट, त्यांच्या बोलण्यात कोकणातल्या माणसाचा तो तिरकस बेरकीपणा नाही, आणि वीसेक मिनिटं कापली असती तर बिघडलं नसतं. जंगल, नदी, रात्र मात्र डोळे भरून बघावं असं टिपलंय, मोबाईलवर अजिबात बघू नका. सुबोध खानोलकरांचा हात त्या मातीतला आहे, हे बाबुलीच्या ओसरीवर कोण कुठे बसतं एवढ्यावरून कळतं. दोन वेळा बघितला, दुसऱ्यांदा मामाला घेऊन.

धुरंधरबद्दल थोडक्यात. डिसेंबर, यावेळी नवरा स्वतः तयार झाला, ए सर्टिफिकेट म्हणून पोराला आईकडे ठेवलं, तीन तास चौतीस मिनिटं, माझी कंबर गेली. परत अक्षय खन्नाच भाव खाऊन गेला, एका वर्षात दोनदा, रणवीर सिंगपेक्षा मी त्याचीच वाट बघत होते. मारामारी इतकी की मी मधे ऑफिसचे मेसेज बघून घेतले. नवरा म्हणतो वर्षातला बेस्ट. असू दे.

तिकिटाचं एक बोलते कारण तो माझा धंदा आहे. २२ सप्टेंबरपासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला, वरच्यांना अठरा तसाच. सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पिक्चर स्वस्त झाले म्हणून. अहो पण रविवारी शंभराचं तिकीट दाखवा तरी मला, मी स्वतः येऊन पाच टक्के भरते.

शेवटचा राहिला सबर बोंडं. रोहन कानवडेचा, अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलमधे जानेवारीत ग्रँड ज्युरी प्राईझ घेऊन आलेला आणि आपल्याकडे १९ सप्टेंबरला लागलेला. डोंबिवलीत नव्हताच, सकाळचा शो, लांब, ट्रेन आणि मग रिक्षा. आईला नेऊ की नको यावर मी दोन दिवस घातले. बाप गेलाय म्हणून मुंबईहून गावी आलेला मुलगा, दहा दिवसांचं सुतक, आणि लहानपणीचा मित्र, आणि त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम. आईला आदल्या रात्री सांगितलं, कसंबसं, चपातीचं पीठ मळता मळता. ती म्हणाली, "मगे? तिकीट काढलंस ना?"

थेटरात आम्ही धरून अकरा जण. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे पाण्याचा, शेळ्यांचा, कोणाच्या तरी खोकल्याचा आवाज, आणि माझ्या आईचा. पण आई सुतकाचे नियम तपासण्यातच गर्क, कोण कुठे बसलंय, कोण काय खातंय, आमच्याकडे असं नसतं, हां हे असतं. प्रत्येक नातेवाईक येऊन लग्नाचं विचारतो तेव्हा तिने चक्क च्च केलं. भूषण मनोज आणि सुराज सुमन ही दोन्ही पोरं काही न बोलता जे करतात ते मला मोठमोठ्या स्टार लोकांत यंदा दिसलं नाही, आणि आईचं काम करणाऱ्या जयश्री जगताप, त्या घरात वावरतात त्याला अभिनय म्हणायला जीभ वळत नाही. संथ आहे, हो, ज्यांना धुरंधर आवडला त्यांनी जाऊ नका, झोपाल.

परत येताना रिक्षात आई बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "तेच्या आवशीक सगळा म्हायत होता." मी म्हटलं हो, त्याच्या आईला सगळं माहीत होतं. "बरा", ती म्हणाली, आणि पर्समधून आवळासुपारी काढून मला दिली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली आणि फळवाल्याकडे सबर बोंडं मागितली. त्याला नाव कळेना. निवडुंगाचं फळ रे, असं तिने सांगितल्यावर त्याने ड्रॅगन फ्रूट काढून दिलं, तेही निवडुंगाचंच म्हणे, आणि ते खरंही आहे. ऐंशी रुपयांना एक. संध्याकाळी मी घरी गेले तर ते कापून बशीत, नवऱ्यासमोर ठेवलेलं, आणि आई हात पुसत सांगत होती, "काय चव नाय मेल्याक, पिक्चरातलाच बरा होता."