शारजा आर्ट म्युझियम: सलाहीच्या एका चित्रासाठी तरी जाच

दुबईतल्या मॉलचा कंटाळा आला असेल तर शारजाला जा, असं मी आमच्या ग्रुपवर किती वेळा लिहिलं पण कोणी मनावर घेत नाही, म्हणून आता सविस्तरच लिहिते. शारजा म्हटलं की आपली गाडी अजून १९९८ च्या सचिनच्या त्या वादळातल्या इनिंगपाशीच अडकलेली असते. पण शारजातल्या रोला ह्या बाजाराच्या भागाजवळ, जुन्या वस्तीत, मस्त आर्ट म्युझियम आहे, १९९७ पासूनचं. एंट्री फ्री, एसी चांगला, गर्दी मला तरी कधी दिसली नाही. आत बरजील आर्ट फाउंडेशनचं कलेक्शन लावलंय, म्हणजे अरब देशांतली विसाव्या शतकातली मॉडर्न चित्रं.

सगळं कलेक्शन चांगलंय पण मी लिहितेय ते एका माणसासाठी, इब्राहिम अल-सलाही, सुदानचा, १९३० मध्ये ओमदुर्मानला जन्मलेला. त्याचं 'द लास्ट साउंड' नावाचं १९६४ चं ऑइल पेंटिंग मी इथे बघितलं, साधारण चार फूट बाय चार फूट, वडील गेल्यानंतर काढलेलं. लांबून बघितलं तर मातकट, तपकिरी, काळं-पांढरं, चंद्रकोरी आणि गोल आकार तरंगतायत असं काहीतरी, भडक रंग शोधू नका, मिळणार नाहीत. जवळ गेलात की मग कळतं की ह्या रेघा म्हणजे अरबी अक्षरांचे तुकडे आहेत. वाचायला जाल तर काही हाती लागत नाही, कारण अक्षर अर्ध्यातच वळून दुसरंच काहीतरी झालेलं असतं.

आमचे सासरे तेव्हा इकडे आले होते, आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली. ते बाकी चित्रांपुढून भराभर पुढे गेले आणि इथे थांबले ते थांबलेच. मी म्हटलं, "बाबा, चला ना, अजून वरचं बघायचंय." तर म्हणे, "थांब गं जरा, ह्याने अक्षर फोडलंय बघ, फोडून आत शिरलाय हा." मी आपली हो म्हटलं. नंतर घरी येऊन सलाहीबद्दल वाचत बसले तर तो स्वतःही हेच सांगतो, की अक्षरं मोडली आणि त्यातून माणसं, प्राणी, झाडं असे आकार बाहेर यायला लागले!

त्याची गोष्टच भारी आहे. वडील घरीच कुराणाची शाळा चालवायचे, तिथे लाकडी पाटीवर लिहिता लिहिता लहानपणीच हात बसला. मग राजधानीत, खार्टूमला शिक्षण, मग १९५४ ते ५७ लंडनचं स्लेड स्कूल हे आर्ट कॉलेज. तिथून एकदम मॉडर्न होऊन परत आला, खार्टूमच्या ग्रँड हॉटेलात प्रदर्शन लावलं, पहिल्या दिवशी लोक आले, सरबत प्यायले, आणि नंतर कोणी फिरकलंच नाही. दुसरा असता तर लोकांना काय कळतंय म्हणून मोकळा झाला असता. ह्याने उलटं केलं, चित्र काढणं थांबवून सुदानभर फिरला, लोकांच्या घरात काय टांगलेलं असतं ते बघितलं, तर तिथे कुराणातली लिहिलेली वचनं आणि नक्षीकाम. मग चित्राच्या कोपऱ्यात बारीकसं अरबी लिहायला लागला, लोक जवळ येऊन बघायला लागले, आणि तिथून पुढे अक्षरच चित्र झालं. पुढे त्याच्या आणि त्याच्या मित्रमंडळींच्या चित्रकार गटाला 'खार्टूम स्कूल' म्हणायला लागले.

१९७५ मध्ये तर त्याला तुरुंगात टाकलं. तेव्हा तो सरकारच्याच संस्कृती खात्यात मोठ्या हुद्द्यावर होता, बंडात हात असल्याचा आरोप, खटला नाही काही नाही, सहा महिने कोबर जेलमध्ये. कागद सापडला तर एकांतकोठडी. म्हणून अंगणातल्या वाळूत बोटाने काढायचा आणि पुसून टाकायचा, अक्षरशः धूळपाटीच. त्यानंतर देश सोडला, बरीच वर्षं कतारला, मग ऑक्सफर्ड. २०१३ ला लंडनच्या टेट मॉडर्न ह्या आर्ट म्युझियममध्ये त्याचं मोठं प्रदर्शन झालं, तिथे असा मान मिळालेला तो पहिला आफ्रिकन चित्रकार. म्हातारपणी कंबरेने छळलं, पार्किन्सन्स झाला, तर गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांवर पेनाने चित्रं काढत बसला, मला त्याची मोठी चित्रं आवडतातच पण ही खोकी जास्त आवडतात (फोटोतच बघितलीयत, ती इथे नव्हती).

आता सगळ्यांना आवडेलच असं मी म्हणणार नाही. आमच्या ह्यांना दहा मिनिटांत जांभया. सोनेरी शाईतलं, वेलबुट्टीचं, घोटीव कॅलिग्राफीचं काम बघायचं असेल तर त्याच परिसरात वेगळं कॅलिग्राफी म्युझियम आहे, तिकडे जा. खरं तर आधी तेच बघा, ते नियमातलं सरळ अक्षर डोळ्यात बसलं की मग सलाहीने काय मोडलंय ते जास्त कळतं. आम्ही उलट क्रमाने केलं, तेही चाललं म्हणा, पण हा क्रम बरा.

लहान मुलं नेत असाल तर एक वही-पेन्सिल द्या हातात. आमच्या लेकीने ते चित्र बघून स्वतःच्या नावाचं देवनागरी तोडून मासा केला, शिरोरेघ मधोमध काटा म्हणून ठेवली, सासरे जाम खूश.

प्रॅक्टिकल गोष्टी: चित्रं बदलत असतात, त्यामुळे फक्त सलाहीसाठी जाणार असाल तर आधी फोन करून विचारा. शुक्रवारी संध्याकाळीच उघडतं, वेळ चेक करा. दुबईहून ऑफिस सुटायच्या वेळी अजिबात निघू नका, अल इत्तिहाद रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये सगळा मूड जाईल. खायचं म्हणाल तर जवळच्या एका कॅफेत बसलो, चहा थंड आणि बिल गरम, नाव घेत नाही. सरळ रोलाला चालत जा, तिथे आपल्या चवीचं पोटभर मिळतं. माझ्याकडून साडेचार स्टार, सासऱ्यांकडून पाच.