थकीत पोटगीचा दावा: कोर्टात लढावं की मध्यस्थीत बसावं?

धरमपेठेतल्या मित्राला मुलीच्या थकीत पोटगीच्या वसुलीची नोटीस आलीय. तो म्हणतो, बरेच पैसे दिलेत. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात लेखी उत्तर द्यावं की मध्यस्थी मागावी, यात अडकलाय.

आधी पुरावा. मुलीच्या आईच्या खात्यात गेलेली रक्कम बँक स्टेटमेंटवर तारखेनिशी दिसते. महिनावार तक्ता करून जोडला की लढत निम्मी सोपी. पावतीविना हातात दिलेली रोकड मात्र कोर्टात सिद्ध करणं महाकठीण. शाळेची फी परस्पर भरली, तीही पोटगीतून वजा होईलच असं नाही. अशा पैशांवर मध्यस्थीत निदान बोलता येतं.

लढण्यात एक कायदेशीर आधार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) खाली रक्कम देय झाल्यापासून वर्षभरात वसुलीचा अर्ज झाला नसेल, तर तिच्यासाठी वॉरंट निघत नाही. जुन्या थकबाकीचा मोठा आकडा बघून घाबरण्याआधी हे तपासा. आणि तुरुंगात जाऊन आलं की देणं फिटतं, ही निव्वळ अफवा.

खर्च आणि वेळ मध्यस्थीत कमी, यात वाद नाही. पण तडजोड लोकअदालतीत नोंदली की त्यावर अपील नाही. सही करण्याआधी आकडा दोनदा वाचा.

व्यवहार बँकेतून झाले असतील तर लढा. रोकड जास्त असेल किंवा थोडं देणं खरंच बाकी असेल तर मध्यस्थी, हप्ते बांधून. नोकरी गेली असेल तर दोन्हींसोबत रक्कम कमी करण्याचा वेगळा अर्ज लगेच टाका.