पोहण्याच्या तलावाचा काठ: शहाबादी, ग्रॅनाइट की पोर्सेलिन?

सोलापुरात घराच्या आवारात पोहण्याचा तलाव बांधताना काठाच्या दगडाची निवड केवळ रंग आणि दर पाहून करणे धोक्याचे आहे. येथे उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि पुष्कळ ठिकाणी पायाखाली काळी माती लागते. या तिन्ही गोष्टींचा परिणाम सर्वांत आधी काठावरच दिसतो.

शहाबादी फरशी आपल्याला सर्वांत जवळची आणि स्वस्त. ती शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते, तिच्यावर काम करणारे गवंडी सहज मिळतात आणि तिचा नैसर्गिक खडबडीत पृष्ठभाग ओल्या पायाला चांगली पकड देतो. अडचण निराळीच आहे. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. जड पाण्याचे शिंतोडे उन्हात वाळले की काठावर पांढरा थर धरतो, तो काढण्यासाठी माणसे ॲसिड वापरतात आणि ॲसिड त्या थराबरोबर दगडही खाते. तलावाच्या पाण्याचा सामू (पीएच) 7.2 ते 7.8 च्या दरम्यान ठेवण्यासाठीही अनेकदा ॲसिडच घालावे लागते, आणि ते ओतताना काठावर सांडले तर कायमचा डाग पडतो. शिवाय हे दगड थरांचे असल्याने पाण्यावर पुढे आलेल्या कडेचे पापुद्रे निघू शकतात. काळ्या कडप्प्यावर तर भर दुपारी अनवाणी उभे राहवत नाही, म्हणून काठासाठी मी तो विचारातही घेणार नाही.

ग्रॅनाइटला या ॲसिडचा त्रास जवळजवळ होत नाही आणि तो पाणीही फार कमी शोषतो. मात्र घोटीव ग्रॅनाइट ओला झाला की अतिशय निसरडा होतो. लहान मुले आणि वृद्ध ज्या घरात आहेत तेथे तो काठावर बसवूच नये. त्याऐवजी फ्लेम फिनिश मागावे. यात आगीच्या झोताने वरचे कण उडवून पृष्ठभाग खरखरीत करतात. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी मिळणारी 18 मिमीची लादी या कामाला अपुरी असते. 30 मिमी जाडीची घ्यावी आणि पुढची कड गोल करून घ्यावी. रंग पांढरट करडा असावा. इलकलचा तांबडा ग्रॅनाइट देखणा असला तरी गडद रंग ऊन अधिक धरून ठेवतो.

पोर्सेलिनच्या 20 मिमी जाडीच्या लाद्या पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषतात, डाग धरत नाहीत आणि फिक्या रंगात सहज मिळतात. विक्रेते त्यांच्या पकडीसाठी ‘आर 11’ सारखा अंक सांगतात, परंतु ती चाचणी पादत्राणे घालून केलेली असते. अनवाणी ओल्या पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी वर्गवारी आहे आणि त्यात सी ची पकड सर्वांत जास्त, तीच विचारावी. कोपऱ्याचे आणि गोल कडेचे तुकडे त्याच खेपेतले जादा घेऊन ठेवावेत, कारण कड फुटली तर नंतर तोच रंग मिळेल याची खात्री नसते.

वालुकाश्म फिक्या रंगाचा असल्यास पायाला सुसह्य असतो, पण तो सच्छिद्र आहे. खाऱ्या पाण्यातून क्लोरीन तयार करणारे यंत्र बसवणार असाल तर मीठ आत शिरून त्याचे थर सुटतात. लाकूड आपल्या कोरड्या उन्हात तडकते.

मला विचाराल तर काठाला फिका फ्लेम फिनिश ग्रॅनाइट आणि काठापलीकडच्या मोकळ्या जागेत खडबडीत शहाबादी, हा मेळ सोलापूरला सर्वांत योग्य ठरतो. खर्च आवाक्यात राहतो आणि ॲसिडशी संबंध येणारी जागा सुरक्षित राहते. अंतिम निवडीपूर्वी नमुन्यांचे तुकडे दुपारी उन्हात ठेवून त्यांवर अनवाणी पाय ठेवून पाहावा, मग पाणी ओतून पुन्हा पाहावा. लिंबाचा रस थोडा वेळ राहू दिल्यावर जेथे चमक जाते, तो दगड चुनखडीचा समजावा.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे बाहेरची फरशी हलते. ती काठाला सिमेंटने घट्ट जोडली तर कोणताही दगड तडकेल. म्हणून दोहोंमध्ये लवचीक सीलंटने भरलेला सांधा ठेवावा, फरशीचा उतार तलावापासून बाहेर द्यावा आणि काठाच्या दगडांमधील फटी सिमेंटऐवजी इपॉक्सीने भराव्यात, कारण ॲसिड सिमेंटलाही सोडत नाही.