न्यूजेनचे तिमाही निकाल वाचायला स्क्रीनर किती कामाचं?

शेअर बाजारातल्या कंपन्यांचे आकडे दाखवणारी स्क्रीनर डॉट इन ही साइट वापरणारे खूप आहेत, पण बहुतेक जण पीई (शेअरचा भाव कमाईच्या किती पट) बघतात, आरओसीई (धंद्यात गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा) बघतात आणि टॅब बंद करतात, म्हणून हा रिव्ह्यू मुद्दाम एकाच कंपनीचं पान धरून लिहितोय, न्यूजेन सॉफ्टवेअरचं. डॉक्युमेंट मॅनेजमेंटवाल्या कंपनीचे तिमाही आकडे वरवर बघितले तर हमखास उलटा अर्थ निघतो, आणि तिथे साइट किती सावरून घेते हेच मला बघायचं होतं.

कंपनी १९९२ सालची, दिल्लीची. जानेवारी २०१८ मध्ये २४५ रुपयांना आयपीओ आला. ऑम्निडॉक्स हे त्यांचं जुनं प्रॉडक्ट आणि मोठं गिऱ्हाईक म्हणजे बँका. मी बँकेत कर्ज विभागात काम केलंय, त्यामुळे हा धंदा काय आहे ते मला चांगलं कळतं. एका कर्जाच्या फाइलमध्ये सातबारा, आठ-अ, केवायसी, जामीनदारांचे कागद, मंजुरीचं पत्र, आणि फाइल वरच्या ऑफिसला गेली की ती नेमकी कोणाच्या टेबलावर पडलीय हे फोन करून करून विचारायचं. हे सगळं स्कॅन करून, इंडेक्स लावून, कुठे अडकलंय ते स्क्रीनवर दाखवायचं, हेच हे सॉफ्टवेअर करतं. एकदा बसवलं की बँक सहजासहजी बदलत नाही, कारण जुने लाखो कागद हलवायचे कोणी?

आता मुख्य मुद्दा. पानावर थोडं खाली आलं की क्वार्टरली रिझल्ट्सचा तक्ता येतो. मार्च २०२५ च्या (म्हणजे जानेवारी ते मार्च) तिमाहीत विक्री सुमारे ४३० कोटी, नफा १०८ कोटी. लगेच शेजारी जून २०२५, विक्री ३२१ कोटी, नफा ५० कोटी. बघणारा घाबरणारच, विक्री पाव भागाने कमी आणि नफा निम्म्याहून खाली! पण थांबा, आदल्या वर्षी पण हेच झालं होतं, मार्च २०२४ ला ३७५ कोटी आणि जून २०२४ ला ३१५. बँका वर्षअखेरीला बजेट संपवतात, लायसनचे सौदे मार्चमध्ये पक्के होतात आणि लायसनची बरीचशी रक्कम त्याच तिमाहीत विक्रीत धरली जाते. पगाराचा खर्च मात्र बारा महिने चालूच, त्यामुळे विक्री थोडी खाली आली की नफा धाडकन खाली येतो. म्हणजे मार्चशी जूनची तुलना करायचीच नाही, जूनची जूनशी करायची.

इथे स्क्रीनरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे. सेल्सच्या ओळीत बारीक अधिकचं चिन्ह आहे, ते दाबलं की प्रत्येक तिमाहीची आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीवरची वाढ खाली उघडते. बऱ्याच जणांना ते चिन्ह दिसतच नाही. ते उघडलं की खरी गोष्ट समोर येते. जून २०२४ ला वाढ साधारण २५ टक्के होती, मार्च २०२५ ला १५ च्या आसपास, आणि जून २०२५ ला जेमतेम २ टक्के. मार्चनंतर विक्री घटली याची काळजी नको, पण ही २५ वरून २ ची घसरण काळजीची आहे आणि माझ्या मते कॉनकॉलमध्ये (निकालानंतर कंपनी गुंतवणूकदारांच्या प्रश्नांना फोनवर उत्तरं देते त्यात) पहिला प्रश्न ह्यावरच यायला हवा. अदर इन्कमची ओळ वेगळी आहे हेही बरं, ठेवी आणि गुंतवणुकीवरचं उत्पन्न बाजूला काढून धंद्याचा नफा बघता येतो.

उधारीच्या बाबतीत मात्र जपून. वसुलीचे दिवस (विक्रीचे पैसे हातात यायला लागणारे दिवस) जास्त असले की स्क्रीनर उणिवांच्या यादीत तशी ओळ आपोआप टाकतं, आणि न्यूजेनची वसुली आहेच लांबची. पण हा आकडा मार्चअखेरची येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे बाकी पैसे) आणि वर्षभराची विक्री ह्यावरून निघतो, आणि इथे एकट्या शेवटच्या तिमाहीत वर्षाच्या १,४८७ कोटींपैकी जवळजवळ २९ टक्के विक्री झालेली, म्हणजे मार्चमध्ये फाडलेली बिलं ३१ तारखेला ह्या येणी रकमेतच दिसणार. म्हणून सप्टेंबरचा ताळेबंद आला की येणी खरंच खाली आली का ते बघा. खाली आली तर ठीक, आणि नाही आली, वर विक्रीपेक्षा वेगाने वाढत असली, तर ती ओळ अगदी मनावर घ्या.

खाली डॉक्युमेंट्समध्ये कॉनकॉलची ट्रान्सक्रिप्ट (बोलण्याचा लेखी उतारा), पीपीटी, रेकॉर्डिंग तारखेप्रमाणे लावलेली असतात, एक्स्चेंजच्या साइटवर शोधत बसावं लागत नाही. सेबीच्या नियमाने ट्रान्सक्रिप्ट पाच कामाच्या दिवसांत टाकावीच लागते, तेव्हा निकालाच्या दिवशी शेअर उडाला किंवा पडला म्हणून लगेच बटण दाबण्यापेक्षा आठवडाभर थांबून ती वाचलेली बरी. वाचताना मी दोनच गोष्टी शोधतो, दरवर्षी परत येणाऱ्या उत्पन्नाचा वाटा किती (सबस्क्रिप्शन, सपोर्ट, एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचे करार वगैरे) आणि अमेरिकेत नवीन गिऱ्हाइकं मिळतायत का.

कमतरता इथेच आहे. हा परत येणाऱ्या उत्पन्नाचा वाटा आणि भारत, आखात, अमेरिका अशी विक्रीची विभागणी मुख्य तक्त्यांमध्ये नाही, प्रत्येक पीपीटी उघडून आपल्या एक्सेलमध्ये उतरवून घ्यावी लागते, आणि ह्या कंपनीत तर परत येणाऱ्या उत्पन्नाचा आकडाच सगळ्यात महत्त्वाचा, कारण लायसन कमी होऊन सबस्क्रिप्शन वाढलं तर विक्रीची वाढ काही काळ मंद दिसते आणि तरीही धंदा सुधारलेला असतो. नुसत्या तक्त्यावरून धंदा सुधारतोय की खरंच थंडावलाय हे कळायला मार्ग नाही.

फुकट अकाउंटवर एवढं सगळं मिळतं, तेव्हा माझ्याकडून पाचपैकी चार. नवीन माणसाने फक्त ते अधिकचं चिन्ह दाबून सुरुवात करावी, आणि पीपीटीतून परत येणाऱ्या उत्पन्नाचा वाटा तिमाहीमागे तिमाही लिहून ठेवावा, निदान आठ तिमाह्यांचा.