‘नाइस बर्ड’ म्हणणं मी कसं सोडलं : गावातल्या पावसाळी इंग्रजी वर्गाबद्दल

मी मोहर्ली गेटवर गाइड आहे, सहा वर्षं झाली. 1 जुलै ते 30 सप्टेंबर ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असतो, बफरमधल्या, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यातल्या, फेऱ्याही कमीच होतात. त्या रिकाम्या महिन्यांत आमच्या समाजमंदिरात चाललेल्या इंग्रजी बोलण्याच्या वर्गाला मी गेले. फी तीन महिन्यांची पंधराशे रुपये, आठवड्यातून चार संध्याकाळी, शिकवायला जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले एक सर. आमच्या भागातल्या कुणाला जायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून नीट लिहिते आहे.

इंग्रजी मला अगदीच येत नव्हतं असं नाही. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, कोअर 625 चौरस किलोमीटरचा आहे, तारू देवावरून ताडोबा नाव पडलं, हे सगळं मी घडाघडा सांगायची. पण पाहुण्यांनी झाडावरच्या नवरंगाकडे बोट दाखवून काही विचारलं, की माझ्याकडे एकच उत्तर असे: नाइस बर्ड. तळं ब्यूटिफुल, वाघीण ब्यूटिफुल, कुलूचं पांढरं झाडही ब्यूटिफुल. जंगल माझं, आणि त्याच्याबद्दल बोलायला शब्द तीन. याचं मला फार वाईट वाटायचं.

सरांनी पहिला महिनाभर विशेषणंच घेतली, आणि या वर्गाची खरी कमाई तीच. सुरुवातच त्यांनी मराठीपासून केली. आपण मोठा वाघ, मोठी वाघीण, मोठं अस्वल म्हणतो. पण लाल फूल, लाल माती, लाल डोळे, यात ‘लाल’ काही बदलत नाही. सर म्हणाले, "इंग्रजीतलं प्रत्येक विशेषण ‘लाल’सारखं धरा. नर असो, मादी असो, एक असो की दहा, ते हलत नाही." माझ्या डोक्यावरचं अर्धं ओझं तिथेच उतरलं. क्रमाचं मात्र उलट. आपल्याकडे ‘नवी लाल साडी’ आणि ‘लाल नवी साडी’ दोन्ही चालून जातं. इंग्रजीत आधी आकार, मग नवं-जुनं, मग रंग. व्हाइट बिग बर्ड नाही, बिग व्हाइट बर्ड. हे अजूनही घाईत चुकतं माझं.

एका संध्याकाळी सरांनी प्रत्येकाला घरून एक वस्तू आणायला सांगितली. अट अशी की नाइस, गुड, ब्यूटिफुल हे तीन शब्द सोडून पाच विशेषणं द्यायची. मी वाळवलेली मोहफुलं नेली. ड्राय आणि ब्राउन लगेच सुचलं. मग सरांनी एक फूल माझ्याच तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, दाब. सुरकुत्या बोटाला लागल्या, रिंकल्ड. बोट उचललं तर फूल चिकटून वर आलं, स्टिकी. जिभेवर ठेवलं, स्वीट. लहानपणापासून मोहफुलं वेचते आहे, पण एका फुलाकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकातून पाठ केलेला शब्द दोन दिवसांत जातो. हे पाच शब्द आजही गेलेले नाहीत.

बोरिंग आणि बोर्ड यांतला फरक माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा. दोन वर्षांपूर्वी तीन तास वाघ दिसला नाही, तेव्हा काळजीपोटी मी एका वयस्कर पाहुण्यांना विचारलं होतं, "सर, यू आर बोरिंग?" त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं वाघ दिसला नाही म्हणून. वर्गात कळलं की मी त्यांनाच कंटाळवाणा माणूस म्हटलं होतं. मनाला फार लागलं ते. सरांनी सोपं करून दिलं: जो भावना देतो त्याला आयएनजी, ज्याला ती होते त्याला ईडी. वाघ फ्रायटनिंग, चितळ फ्रायटन्ड. सफारी एक्सायटिंग, पाहुणे एक्सायटेड. अँग्री टायगर म्हणणंही मी बंद केलं. कान टवकारून आपल्याकडे पाहणारा वाघ रागावलेलाच असतो असं नाही. तो अलर्ट असेल, क्युरिअस असेल. चुकीचा शब्द वापरला की गाडीतली लहान मुलं उगाच घाबरतात.

आता उणिवा. झेरॉक्सच्या नोट्स शहरातल्या कुठल्याशा परीक्षेच्या पुस्तकातून काढलेल्या होत्या. लिफ्ट, विमानतळ, मॉल यांचीच वाक्यं. आमच्या वर्गात होमस्टेवाले होते, जिप्सीचे ड्रायव्हर होते. त्यांना जेवण तिखट आहे की गरम आहे हे सांगता यायला हवं, कारण दोन्हीला ‘हॉट’ म्हटलं की पाहुण्याला काही कळत नाही. स्पायसी हा शब्द सरांनी सांगितला, तोही एका ताईंनी विचारला म्हणून. दुसरं, जुलैत धानाचा रोवणा असतो. बाया चिखलातून थेट वर्गाला यायच्या, पोचेपर्यंत अर्धा तास गेलेला असायचा, आणि सुटलेलं परत घ्यायची सोय नव्हती. वेळ अर्ध्या तासाने पुढे नेणं काही अवघड नव्हतं. परदेशी माणसं भरभर बोलतात, ते ऐकायचा सराव तर झालाच नाही. बोलणं सुधारलं, ऐकणं जिथल्या तिथे आहे.

तरी पैसे वसूल झाले. ऑक्टोबरात गेट उघडल्यावर इंग्लंडहून आलेलं एक जोडपं माझ्या गाडीत होतं. रस्त्याच्या धुळीत वाघाचा ठसा दिसला. एरवी मी ‘टायगर पगमार्क’ म्हणून पुढे निघाले असते. त्या दिवशी गाडी थांबवून सांगितलं: फ्रेश, कारण कडा शार्प आहेत, वरून किड्याची रेघ गेलेली नाही. शेजारचा ठसा ओल्ड, कडा ब्रोकन. दोघं गाडीतून वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले. वाघ त्या फेरीत दिसलाच नाही, पण उतरताना त्यांनी दोन्ही ठशांचे फोटो उघडून मला पुन्हा विचारलं, यातला फ्रेश कोणता.

पुढच्या पावसाळ्यासाठी मी नाव नोंदवून ठेवलं आहे. सरांना एकच मागणी केली आहे, आवाजांची विशेषणं घ्या. चितळाचा कॉल तीक्ष्ण असतो, सांबराचा घुमणारा. मी आजही दोन्हीला लाउडच म्हणते आहे.