चॅटमची 'गॅनेट': जायलाच हवं, पण इंजिन शोधू नका

सासरे माझगाव डॉकमधले जुने फिटर. लंडनला आले म्हटल्यावर केंटमधल्या चॅटम डॉकयार्डात न्यायलाच हवं होतं. तिथे 'ओसेलॉट' पाणबुडी आहे, 'कॅव्हेलियर' विनाशिका आहे. पण बाबा रमले ते १८७८ च्या 'गॅनेट' या युद्धनौकेवर.

लोखंडी सांगाडा, त्यावर सागवानी फळ्या. वारा असेल तर शिडं, नसेल तर बॉयलर पेटवा. डोलकाठ्यांच्या मधोमध धुराडं, पण दिसतं झकास! डेकवर कमानीसारखे धातूचे रूळ आहेत, तोफ त्यांवरून फिरवायची. बाबा तिथे उकिडवे बसून सांधे तपासत होते, मी आपली फोटो काढतेय. १८८८ मध्ये तांबड्या समुद्रावरच्या सुआकिनच्या बचावात ही होती, आणि डागडुजी करून तिला त्याच सालचं रूप दिलंय.

इंजिन मात्र नाही, फार पूर्वीच काढलं. पुढे ती मुलांची प्रशिक्षणनौका झाली होती. "मग वाफेचं जहाज कसलं?" बाबांनी पाचातला एक तारा तिथेच कापला. मी चार देते. जिने उभे आहेत, गुडघे दुखत असतील तर वरच्या डेकवरच फिरा.