बर्डीवरचं 'उकळून बसवा' माउथगार्ड: घ्या, पण घाईत बसवू नका

हॉकी, कबड्डी किंवा स्केटिंग खेळणाऱ्या पोरासाठी नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या बाजारातल्या) खेळाच्या दुकानात माउथगार्ड, म्हणजे दात वाचवायला वरच्या दातांवर बसवायचं कवच, मागितलं की सहसा दोन प्रकार समोर येतात. एक तयार, कडक, तसंच तोंडात घालायचं. ते घेऊच नका. दात आवळून धरले तरच ते जागेवर राहतं; पोरानं 'पास दे' म्हणायला तोंड उघडलं की जिभेवर येऊन पडतं. दुसरं गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचं, दोन-तीनशे रुपयांतलं. इथं लिहितोय ते याच्याबद्दल.

वरचे समोरचे पक्के दात सात-आठव्या वर्षी येतात. नवे असताना त्यांच्या कडेला करवतीसारखे दाते दिसतात. मूळ पूर्ण व्हायला पुढं तीनेक वर्षं जातात. मार सगळ्यात जास्त यांनाच बसतो, आणि दात पुढं आलेले असून ओठ नीट मिटत नसतील तर धोका आणखी वाढतो. म्हणून बसवून झाल्यावर या दातांपुढं किती जाडी उरली तेवढं बघायचं. 3 मिमीच्या आसपास हवी. पाकिटातून काढताना ती बहुधा असते; आपण ती घरी बसवताना घालवतो.

पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. माउथगार्ड पाकिटावर लिहिलंय तेवढेच सेकंद बुडवा, बहुतेकांत 20 ते 30. जास्त झालं की भिंती आत वळून एकमेकींना चिकटतात. बाहेर काढून गार पाण्यात क्षणभर बुचकळा, नाहीतर हिरडी पोळेल. मधली खूण वरच्या दोन दातांच्या फटीवर आणून वर दाबा. आणि इथं पोराला 'चाव' म्हणू नका. जोरात चावलं की दाढांखाली भोकं पडतात आणि समोरची भिंत पातळ होते. दात हलकेच टेकवायला सांगा, आतली हवा ओढून घ्यायला लावा, आणि बाहेरून ओठावर, गालावर बोटांनी अर्धा मिनिट दाबत राहा. मग गार पाणी.

तोंड उघडलं तरी खाली पडत नसेल तर जमलं. वरच्या ओठाला हिरडीशी जोडणाऱ्या मधल्या दोरीला टोचत असेल तिथं कात्रीनं छोटी खाच द्या. ओकारीची उबळ येत असेल तर मागची टोकं थोडी थोडी कापा, पण पहिली पक्की दाढ झाकलेली राहू द्या.

उणी बाजू म्हणजे सहा ते बारा वर्षांत दात पडत-येत राहतात, त्यामुळे पकड काही महिन्यांतच सैल होते. एकदा पुन्हा मऊ करून बसवता येतं; त्यानंतर नवंच घ्या. दातांना तारा लावलेल्या असतील तर हे नकोच, मऊ रबर तारेत अडकतं. अशा मुलांना, आणि रोज अंगाला अंग भिडणारा खेळ खेळणाऱ्यांनाही, दंतवैद्याकडून माप देऊन केलेलं बरं. पैसे कितीतरी पट जातात, पण त्यात श्वास आणि बोलणं दोन्ही मोकळं राहतं. आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं माउथगार्ड संध्याकाळी तोंडात बसेल ही आशा सोडा. भोकं असलेली डबी घ्या, धुवायला गार पाणी वापरा.

पाकिटावर सहसा नसतं ते इथं सांगतो. माउथगार्ड मार कमी करतं, थांबवत नाही. पक्का दात मुळासकट निघालाच तर मुळाला हात न लावता वरचा पांढरा भाग धरा, घाण असेल तर काही सेकंदच धुवा, घासू नका, आणि तिथल्या तिथं हिरडीतल्या त्याच्या खाचेत परत बसवून रुमालावर हलकं चावायला द्या. जमत नसेल तर ग्राउंडबाहेरच्या चहाठेल्यावरून थंड दूध घ्या आणि दात त्यात ठेवा. पाण्यात नाही, कागदात तर नाहीच: कोरडा राहिलेल्या दाताच्या मुळावरच्या पेशी तासाभरात मरतात. दुधाचा दात असेल तर परत बसवू नका, हिरडीत तयार होत असलेल्या पक्क्या दाताला इजा होते. दोन्ही वेळी लगेच दंतवैद्याकडं न्या. नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, ओपीडीच्या वेळेत तिथंही जाता येतं.

पाचपैकी साडेतीन गुण. एक गुण सैल होण्याचा कापला, अर्धा पाकिटाचा: कितीतरी पाकिटांवर अजून 'घट्ट चावा' असंच छापलेलं असतं.